तान्ह्या ग्रहांची हवा वाचायची, तर आधी तारा वाचा

सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, म्हणजे बाह्यग्रहांची, पक्की नोंद सप्टेंबर २०२५ मध्ये सहा हजारांवर गेली. त्यातले बहुतेक ग्रह अब्जावधी वर्षांचे, स्थिरावलेले आहेत. मोजके मात्र अजून तान्हे आहेत. कुणी तीस लाख वर्षांचा, कुणी दोन-तीन कोटी वर्षांचा. आपल्या पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं आहे, हे लक्षात घेतलं की तान्हे हा शब्द अतिशयोक्तीचा वाटत नाही. या ग्रहांच्या हवेत कोणते वायू आहेत, ती हवा टिकते आहे की उडून चालली आहे, हे प्रकाशाचा वर्णपट उलगडून शोधण्याचं काम आज जगभर जोरात चालू आहे.

मोरा, उरण, करंजा, जासई, पनवेल या पट्ट्यातल्या अकरावी-बारावीच्या आणि बीएस्सीच्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. हे सगळं नासाचं काम, त्यात आपण काय करणार, असं अनेकांना वाटतं. जेम्स वेब दुर्बीण आपल्या हातात नाही हे खरं. पण तिने गोळा केलेली माहिती आपल्यासाठी खुली आहे आणि ती वाचायला लागणारं कसब घरच्या गच्चीवर शिकता येतं. माझा सल्ला एकच आहे. ग्रहाच्या मागे लागण्याआधी ताऱ्याचा प्रकाश ओळखायला शिका. तान्ह्या ग्रहांच्या बाबतीत खरी अडचण ग्रहाची नसतेच, ती असते त्याच्या ताऱ्याची.

तान्हे ग्रहच का?

तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी टम्म फुगलेली असते, वाफ निघून गेली की बसते. नव्या ग्रहाचंही तसंच होतं. जन्माच्या वेळची उष्णता पोटात असते, त्यामुळे त्याची हवा फुगलेली असते. पुढे तो थंड होत आकसत जातो. शिवाय तरुण तारा क्ष-किरण आणि अतिनील किरण भरपूर फेकतो, त्या माऱ्याने जवळच्या ग्रहाची वरची हवा तापून अवकाशात निसटते.

आपल्या आकाशगंगेत पृथ्वीपेक्षा मोठे आणि नेपच्यूनपेक्षा लहान असे ग्रह भरपूर आहेत. पण पृथ्वीच्या दीडपट ते दुप्पट त्रिज्येच्या दरम्यान त्यांची संख्या अचानक घटते. काही ग्रहांनी आपली हायड्रोजनची हवा गमावली आणि ते नुसते खडकाळ गोळे उरले, काहींनी ती राखली, असा याचा एक खुलासा देतात. तो तपासायचा तर हवा निसटत असतानाच तिला गाठायला हवं. म्हाताऱ्या ग्रहाकडे पाहून त्याच्या बाळपणाचा अंदाजच बांधता येतो. तान्ह्या ग्रहात ते बाळपण चालू असतानाच दिसतं.

हवा वाचण्याच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. त्या हवेतला प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. त्या तरंगलांबीत ग्रह किंचित मोठा भासतो आणि ताऱ्याचा प्रकाश किंचित जास्त कमी होतो. बाह्यग्रहाच्या हवेतला पहिला घटक असाच सापडला. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या ग्रहावर सोडियम सापडल्याचा शोधनिबंध २००२ साली प्रसिद्ध झाला.

दुसरी तऱ्हा थेट चित्र घेण्याची. तान्हा ग्रह स्वतःच्या उष्णतेने अवरक्त प्रकाशात चमकत असतो. तो ताऱ्यापासून पुरेसा लांब असेल, तर ताऱ्याचा झगझगाट झाकून ग्रहाचा स्वतःचा प्रकाश टिपता येतो. एचआर ८७९९ या ताऱ्याच्या ग्रहांवर कार्बन डायऑक्साइड आहे, हे वेब दुर्बिणीने याच मार्गाने दाखवलं. ते निष्कर्ष २०२५ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाले.

तिसऱ्या तऱ्हेत वर्णपट फार बारकाईने पसरवतात, इतका की वायूची एकेक रेघ सुटी दिसते. मग रेघा किती सरकल्या आणि किती रुंदावल्या यावरून वेग कळतो. बीटा पिक्टोरिस बी या ग्रहाच्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेघा मोजून २०१४ साली तो सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर वेगाने स्वतःभोवती फिरतो असं दिसलं. त्याचा दिवस भरतो जेमतेम आठ तासांचा. दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहाचा दिवस तेव्हा पहिल्यांदा मोजला गेला.

एक गणित करून पाहा

वही-पेन घ्या. नरतुरंग तारकासमूहात एचआयपी ६७५२२ नावाचा, सुमारे एक कोटी सत्तर लाख वर्षांचा तारा आहे. त्याच्याभोवती सात दिवसांत फेरी मारणारा ग्रह पृथ्वीच्या दहापट त्रिज्येचा, म्हणजे जवळजवळ गुरूएवढा दिसतो. त्याचं वजन किती? नेहमीची पद्धत म्हणजे ग्रहाच्या ओढीने ताऱ्याला बसणारे हेलकावे मोजायचे. पण हा तारा स्वतःच इतका खवळलेला आहे, की ते हेलकावे त्यात बुडून जातात. इथे हवेनेच वजन सांगितलं.

हवा किती पसरते हे तीन गोष्टींवर ठरतं. तापमान जास्त तर पसारा जास्त, रेणू जड तर पसारा कमी, गुरुत्व जास्त तरी पसारा कमी. पृथ्वीवर दर साडेआठ किलोमीटर वर गेलं की हवेचा दाब सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. ही साडेआठ किलोमीटरची मोजपट्टी धरू. ग्रहाचं तापमान सुमारे १,२०० केल्विन आहे, म्हणजे पृथ्वीच्या चौपटीहून थोडं जास्त. त्याची हवा मुख्यतः हायड्रोजन-हेलियमची, म्हणजे आपल्या हवेपेक्षा साडेबारापट हलकी. आता वजन पृथ्वीच्या १४ पट धरलं, तर दहापट त्रिज्येमुळे पृष्ठावरचं गुरुत्व पृथ्वीच्या १४ भागिले १००, म्हणजे सातवा हिस्सा. तिन्ही गुणक एकमेकांशी गुणा. उत्तर येतं पृथ्वीच्या पावणेचारशेपट, म्हणजे मोजपट्टी तीन हजार किलोमीटरच्या वर.

आता तोच ग्रह गुरूएवढा जड, म्हणजे पृथ्वीच्या ३१८ पट वजनाचा धरून गणित पुन्हा मांडा. मोजपट्टी १४० किलोमीटरच्या आसपास येते. तीन हजार आणि एकशे चाळीस यातला फरक वर्णपटात लपत नाही. वेब दुर्बिणीच्या वर्णपटात पाण्याच्या वाफेच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या खुणा भल्याथोरल्या निघाल्या आणि वजन पृथ्वीच्या सुमारे १४ पट ठरलं. पा चिया थाओ आणि सहकाऱ्यांनी हे काम २०२४ साली प्रसिद्ध केलं. गुरूएवढा दिसणारा हा ग्रह वजनाने नेपच्यूनपेक्षाही हलका आहे. पुढे तो आकसत जाईल आणि आकाशगंगेत सर्रास आढळणाऱ्या लहान ग्रहांच्या रांगेत बसेल, असं मानायला यामुळे जागा झाली.

बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचं यात काही नाही. हे गणित हातांनी एकदा केलंत, तर पुढचे शोधनिबंध वाचताना पाय जमिनीवर राहतील.

तारा मध्येच बोलतो

अधिक्रमणाच्या पद्धतीत एक गृहीत दडलेलं असतं, की ताऱ्याची तबकडी सगळीकडे सारखीच उजळ आहे. तरुण ताऱ्यावर ते लागू पडत नाही. त्याच्या अंगावर मोठमोठे थंड डाग असतात, तापलेले उजळ पट्टे असतात आणि अधूनमधून ज्वालांचे भडके उडतात. ग्रह ज्या वाटेने ताऱ्यासमोरून सरकतो तिथे डाग नसतील आणि बाकी तबकडी डागाळलेली असेल, तर ग्रह स्वच्छ, उजळ भागाचा प्रकाश अडवतो. मग तो आहे त्यापेक्षा मोठा भासतो आणि तो फरक प्रत्येक रंगात वेगळा पडतो. ग्रहाला हवाच नसली तरी वर्णपटात चढउतार दिसतील.

त्यात पाणी विशेष फसवं आहे. सूर्यावरच्या डागांच्या गडद गाभ्यातसुद्धा पाण्याचे रेणू आहेत, हे १९९५ साली वर्णपटावरून सिद्ध झालं. सूर्यावर हे घडतं, तर सूर्याहून थंड असलेल्या तरुण ताऱ्याच्या डागांत पाण्याची वाफ असणार यात नवल नाही. वर्णपटात पाणी दिसलं, तर ते ग्रहाच्या हवेतलं की ताऱ्याच्या डागातलं, हा प्रश्न प्रत्येक संशोधकाला स्वतःला विचारावा लागतो.

एयू मायक्रोस्कोपी हा तारा आपल्यापासून फक्त ३२ प्रकाशवर्षांवर आहे. वय दोन कोटींहून थोडं जास्त. त्याच्या बी या ग्रहावरून हायड्रोजन निसटतो का, हे हबलने दोन वेगवेगळ्या अधिक्रमणांत तपासलं. एकदा काहीच दिसलं नाही, दुसऱ्यांदा निसटणारा वायू स्पष्ट दिसला. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. ताऱ्याचा जोर बदलतो तशी ग्रहाची हवाही वागणं बदलते, म्हणून एका निरीक्षणावर भिस्त ठेवून इथे चालत नाही.

उलट दिशेनेही परिणाम होतो. एचआयपी ६७५२२ वर उठणाऱ्या ज्वाला ग्रहाच्या फेरीशी ताळमेळ राखून येतात, म्हणजे ग्रहच ताऱ्याला चेतवतो, असा पुरावा २०२५ मध्ये पुढे आला. तारा आणि ग्रह दोघांना एकत्रच वाचावं लागतं.

हा वारसा आपल्याकडचा आहे

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. सूर्याच्या कडेवरच्या तेजोशृंगांचा वर्णपट पहिल्यांदा याच ग्रहणात पाहिला गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या जमखंडीला, लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. ढगांच्या फटीतून त्यांना तीन तेजस्वी रेघा दिसल्या, तांबडी, नारिंगी आणि निळी. नारिंगी रेघ त्यांनी सोडियमची धरली. ती सोडियमची नव्हती. पुढे तिच्यावरून हेलियम या नव्या मूलद्रव्याचा छडा लागला. या शोधाची जागा म्हणून विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. ज्यांचं नाव तिथे घेतलं जातं ते नॉर्मन लॉकियर त्या ग्रहणाच्या दिवशी इंग्लंडमध्ये होते, त्यांनी तेजोशृंगांचा वर्णपट २० ऑक्टोबरला तिथूनच टिपला. विजयदुर्गला मुलांना घेऊन जाल तेव्हा ही हकिगत नीट सांगा.

तोच हेलियम आज तान्ह्या ग्रहांच्या कामी येतो आहे. अवरक्तात १,०८३ नॅनोमीटरला हेलियमची एक रेघ आहे. ग्रहावरून निसटणारी हवा त्या रेघेत उठून दिसते. बाह्यग्रहावर ती पहिल्यांदा २०१८ साली, वास्प-१०७ बी वर सापडली. त्यानंतर सूर्यापेक्षा बऱ्याच तरुण ताऱ्यांभोवतीच्या छोट्या ग्रहांवरही निसटणारा हेलियम दिसला आहे. पण तरुण ताऱ्याच्या स्वतःच्या वातावरणातही हीच रेघ उमटते आणि बदलत राहते. इथेही आधी तारा.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथल्या दुर्बिणीने त्यांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला, जिथे आजही तारे जन्मताहेत त्याच मेघाचा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला जाऊन त्यांनी सूर्याचे वर्णपट टिपले. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अवरक्त खगोलशास्त्राचा गट हाच धागा पुढे नेतो आहे. या संस्थेने आणि नैनितालच्या एरीज संस्थेने मिळून उभारलेला टॅनस्पेक हा वर्णपटमापक २०१९ मध्ये देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर बसला. तो ०.५५ ते २.५ मायक्रॉनपर्यंतचा वर्णपट घेतो, म्हणजे हेलियमची ती रेघही त्याच्या टप्प्यात येते. तरुण तारे हा त्याचा एक मुख्य विषय आहे.

पहिली पायरी: घरचा वर्णपटदर्शक

साहित्य सोपं आहे. काळ्या कागदाने आतून मढवलेला लांबट खोका, दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे आणि मिलिमीटरला ५०० रेघांचं ग्रेटिंग. ते शाळेच्या प्रयोगशाळेत नसेल तर ऑनलाइन स्वस्तात मिळतं. नाहीच मिळालं तर जुन्या सीडीचा चमकता पापुद्रा चिकटपट्टीने सोलून काढा, उरलेल्या पारदर्शक चकतीवर मिलिमीटरला सुमारे ६२५ खाचा असतात.

खोक्याच्या एका टोकाला ब्लेडच्या धारा समोरासमोर चिकटवून पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा. दुसऱ्या टोकाला ग्रेटिंग बसवा. ग्रेटिंगच्या रेघा आणि फट एकमेकींना समांतर हव्यात, नाहीतर वर्णपट तिरपा आणि पुसट येतो. मोबाइलचा कॅमेरा ग्रेटिंगला टेकवून बाजूला सुमारे १६ अंश वळवा, हिरवा रंग तिथे सापडेल. सीडी वापरली असेल तर २० अंश. मोबाइलचं ऑटो बंद करून फोकस आणि एक्स्पोजर हाताने पक्कं करा.

मग तरंगलांबी ठरवा. जुना सीएफएल दिवा लावा, त्यात पाऱ्याची निळी रेघ ४३६ नॅनोमीटरला आणि हिरवी ५४६ ला असते. समजा फोटोत त्या ८१२ आणि १,१८० व्या पिक्सेलवर आल्या. म्हणजे ३६८ पिक्सेलमध्ये ११० नॅनोमीटर, एका पिक्सेलला ०.३. आता कुठल्याही रेघेची जागा आकड्यात सांगता येईल. वेब दुर्बिणीच्या माहितीवरही हेच काम आधी करतात, फक्त जास्त नेमकेपणाने.

यानंतर दोन प्रयोग जरूर करा. जिथे जुने पिवळे सोडियम दिवे अजून टिकून आहेत, त्यातल्या एखाद्याचा वर्णपट घ्या. ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पिवळा रंग भडक असतो, पण बरोबर मधोमध काळी फट दिसते. दिव्याच्या आतल्या तापलेल्या सोडियमचा प्रकाश कडेच्या थंड सोडियमने गिळलेला असतो. तापलेल्या प्रकाशासमोर थंड वायू आला की काळी रेघ उमटते. बाह्यग्रहांच्या हवेचा सगळा अभ्यास या एका गोष्टीवर उभा आहे आणि ती रस्त्याच्या खांबावर बघायला मिळते.

दुसरा प्रयोग आपल्याच हवेचा. भर दुपारी, आणि मग सूर्य मावळायला टेकला असताना, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीचा वर्णपट घ्या. ६८७ नॅनोमीटरला तांबड्या रंगात ऑक्सिजनचा पट्टा आहे, मोबाइलला तो कडेवर पण दिसण्याजोगा असतो. संध्याकाळी ऊन हवेतून तिरपं, लांबचा प्रवास करून येतं, म्हणून पट्टा जास्त गडद होतो. ग्रहाच्या कडेच्या हवेतून येणारा तारकाप्रकाश असाच लांबची तिरपी वाट चालतो. मात्र वर्णपटदर्शक, दुर्बीण किंवा कॅमेऱ्याची काच सूर्याकडे कधीही थेट रोखू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी पायरी: चार ताऱ्यांचे पत्ते

मोऱ्याच्या आकाशात उजेडाचा त्रास आहे. पूर्वेला न्हावा-शेव्याच्या बंदराचे उंच दिवे, पलीकडे मुंबई. तरी बायनॉक्युलर आणि थोडा धीर असला, तर तान्ह्या ग्रहांचे तारे इथून सापडतात. ग्रह दिसणार नाही, पण ज्याच्याबद्दल वाचतो तो तारा स्वतः शोधलेला असणं अभ्यासाला बळ देतं.

एचआर ८७९९ मोऱ्याच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास वर बघा. पूर्वाभाद्रपदेचे दोन ठळक तारे जोडणारी रेषा मनात काढा. तिच्या जवळपास मधोमध हा सहाव्या प्रतीचा तारा आहे. त्याच्या चार ग्रहांची थेट चित्रं मिळालेली आहेत.

व्ही १२९८ टॉरी वृषभेत आहे. कृत्तिकेकडून रोहिणीकडे जाताना साधारण एक तृतीयांश अंतरावर, किंचित दक्षिणेला. दहाव्या प्रतीचा असल्यामुळे छोटी दुर्बीण लागेल. त्याला चार ग्रह आहेत आणि त्यातल्या बी या ग्रहाच्या हवेत हबलने पाण्याची वाफ पाहिली आहे.

एयू मायक्रोस्कोपी मकर राशीच्या दक्षिणेला आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे ४० अंश उंचीवर येतो. पाऊस सरल्यावरच्या स्वच्छ रात्री बायनॉक्युलर आणि चांगला नकाशा घेऊन बघा.

बीटा पिक्टोरिस सर्वांत सोपा आणि सर्वांत अवघड. चौथ्या प्रतीचा असल्यामुळे अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण आपल्याकडे जास्तीत जास्त २० अंश उंची गाठतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री पावणेदहाच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य शोधा आणि त्याच्या किंचित पश्चिमेला नजर न्या. मोऱ्याहून दक्षिणेला उरण गावाचा उजेड आणि द्रोणागिरी आडवे येतात. त्यासाठी पिरवाडी-नागावच्या किनाऱ्यासारखी मोकळी जागा गाठा, एकट्याने न जाता.

तिसरी पायरी: ताऱ्याचा वर्णपट

कुणाकडे छोटी दुर्बीण असेल तर मिलिमीटरला १०० रेघांचं ग्रेटिंग कॅमेऱ्याच्या पुढे बसवता येतं. सुरुवात अभिजितपासून करा. त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेघा ठसठशीत असतात, ४८६ नॅनोमीटरची लगेच सापडते. मग आर्द्रेचा तांबूस तारा, बीटलज्यूस घ्या. तिथे सुट्या रेघांऐवजी टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे दिसतील. हा रेणू फक्त थंड ताऱ्यांत टिकतो. एयू मायक्रोस्कोपीसारख्या थंड तरुण ताऱ्यांत हेच पट्टे असतात आणि जरा जास्त तापलेल्या ताऱ्यांच्या डागांतही त्यांची खूण मिळते. ताऱ्यावर डाग किती, हे ओळखण्याचा तो एक मार्ग आहे. अभिजित आणि बीटलज्यूस यांचे वर्णपट शेजारी ठेवून पाहिलेत, तर तापमान वर्णपटात कसं बोलतं ते पुन्हा सांगावं लागणार नाही.

चौथी पायरी: खुली माहिती

नासाच्या टेस या दुर्बिणीने ताऱ्यांच्या तेजाच्या घेतलेल्या नोंदी सगळ्यांसाठी मोफत खुल्या आहेत. पायथन भाषेत लाइटकर्व्ह नावाचं मोफत साधन आहे, त्याने त्या उतरवता येतात. साधा लॅपटॉप आणि इंटरनेट पुरे.

पहिला सराव एयू मायक्रोस्कोपीवर करा. टेसने तो २०१८ आणि २०२० च्या पावसाळ्यात पाहिला आहे. आलेख काढलात की तेजाची सावकाश चढउतार करणारी लाट दिसेल. तिचा काळ मोजा, तो सुमारे ४.८६ दिवस यायला हवा. डागाळलेला तारा स्वतःभोवती फिरतो त्याची ही लाट. मधूनच उभे सुळके दिसतील, त्या ज्वाला. आणि नीट शोधलंत तर ८.४६ दिवसांच्या अंतराने पडणारा बारीक खळगा सापडेल, जेमतेम पाव टक्क्याचा. तो ग्रह. लाट आणि खळगा यांच्या उंचीची तुलना वहीत लिहून ठेवा. तान्ह्या ग्रहांच्या अभ्यासात तारा आधी का समजून घ्यावा लागतो, याचं उत्तर त्या एका आलेखात आहे.

हे जमलं की वेब दुर्बिणीच्या माहितीकडे वळा. तिची काही निरीक्षणं लगेच खुली होतात, बाकीची साधारण वर्षभराने. सुरुवात मूळ नोंदींपासून करू नका. नासाच्या बाह्यग्रह संग्रहात प्रसिद्ध झालेले तयार वर्णपट मिळतात. त्यातला एक घ्या, आलेख काढा, पाणी १.४ मायक्रॉनला आणि कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनला कुठे दिसतं ते शोधा, आणि वर केलेलं मोजपट्टीचं गणित त्याला लावून पाहा.

कुठे जायचं, काय शिकायचं

शाळकरी मुलांनी खगोलशास्त्र ऑलिम्पियाडची तयारी करावी. पहिली फेरी भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना घेते, पुढच्या फेऱ्या मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं. उरणहून लोकलने नेरूळ आणि तिथून हार्बरने मानखुर्द, वाट सोपी आहे. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून वरळीचं नेहरू तारांगण किंवा कुलाब्याची टाटा संस्था गाठता येते. टाटा संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ हा सर्वांसाठीचा कार्यक्रम मुंबईत नियमित होतो. अंधारं आकाश आणि जाणते सोबती हवे असतील तर खगोल मंडळाच्या वांगणीच्या आकाशदर्शनाला जा. पुण्याच्या आयुकात आणि खोडदच्या जीएमआरटीत २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास दारं सर्वांना खुली असतात.

बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं करा, सोबत पायथन शिका. संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नका, वर्णपटातली बारीक खूण खरी की योगायोगाची हे तिथेच ठरतं. टाटा संस्था आणि आयुका या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी सुटीतले संशोधन उपक्रम असतात, त्यांच्या अर्जांच्या तारखा दरवर्षी बघत राहा.

बातमी वाचताना तीन प्रश्न

अमुक ग्रहावर पाणी सापडलं, अशी बातमी आली की तीन गोष्टी विचारा. ताऱ्यावरचे डाग हिशेबात धरले होते का? एकच अधिक्रमण पाहिलं, की वेगवेगळ्या दिवशी परत परत पाहिलं? आणि तीच खूण दुसऱ्या तरंगलांबीत किंवा दुसऱ्या दुर्बिणीने मिळाली का? शिक्षकांनी वर्गात एखादी बातमी घेऊन मुलांना हे तीन प्रश्न विचारायला लावावेत.

तान्ह्या ग्रहांचे तारे संख्येने थोडे आणि स्वभावाने अस्थिर आहेत. त्यांच्या डागांचा, ज्वालांचा आणि फिरण्याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत, आणि त्यातलं बरंच काम छोट्या दुर्बिणींनी आणि खुल्या नोंदींवर होतं. म्हणून प्रत्येक शाळा-कॉलेजात दोन-चार जणांनी मिळून एक वही सुरू करावी. तारीख, वेळ, दिवा किंवा तारा, दोन ओळखीच्या रेघांचे पिक्सेल आणि काढलेला वर्णपट, एवढ्याच नोंदी, पण न चुकता. तान्ह्या ग्रहाच्या हवेपर्यंत पोचायचा रस्ता त्याच्या ताऱ्यावरून जातो आणि तारा ओळखणारी नजर अशाच वहीतून तयार होते.